पाचवा शब्द

एकशे बारा पेले आहेत आमच्या मंडळीत,
बोटाएवढे, काचेचे.
पहिल्या रविवारी प्रभुभोजन झालं की
मीच ते धुते, पुसते, मोजते,
सागवानी फळीच्या भोकांत पालथे घालते.
एकशे तेरावा उमापांच्या सुगंधाच्या लग्नात फुटला.
माझ्याच हातून. पाळकसाहेबांना अजून माहीत नाही.

त्या वर्षी उपवासकाळाच्या मधोमध
चर्चला कुलूप लागलं.
पाळकसाहेब फोनवर म्हणाले, यंदा उपास वेगळा,
हात हातात घेण्याचा उपास,
एका बाकावर सहा जणांनी दाटून बसण्याचा उपास.
मी आपलं मटण सोडलं होतं, दरवर्षीसारखं चाळीस दिवस.
मग खाटकाचं दुकानच बंद झालं,
तर माझ्या सोडण्याला काय किंमत राहिली?

झावळ्यांच्या रविवारी याकोब
होटगी रस्त्याच्या ओढ्यातून शिंदीच्या झावळ्या घेऊन आला,
सायकलीला बांधून, पोलीस यायच्या आधी.
एकेका दाराच्या कडीत एकेक खोचत गेला.
होसान्ना मनातच म्हणाला,
मोठ्यानं काही बोललं की लोक खिडक्या लावून घ्यायचे तेव्हा.
समोर विड्या वळणाऱ्या नरसम्मानं विचारलं,
हे काय, रोगावरचं तोरण का?
म्हटलं, तसंच समज.
मग तिलाही एक हवी झाली.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन.
सात शब्द, सात जण, आपापल्या घरातून.
ऊन त्रेचाळीस, डोक्यावर पत्रा तडतडतोय.
चौथा शब्द रूथ चक्रनारायणचा:
माझ्या देवा, माझ्या देवा,
आणि तिची रेंज गेली.
पुढचं सगळ्यांना पाठ होतं.
कुणीच म्हटलं नाही.

पाचवा भिंगारदिवे मास्तरांचा.
सगळ्यात छोटा म्हणून वीस वर्षांपूर्वी मागून घेतलेला.
मास्तर सिव्हिलमध्ये, नाकाला नळी,
फोन नर्सनं धरलेला.
मला, म्हणाले.
श्वास घेतला. आम्हीही घेतला.
तहान,
आणि आमच्या बोळात आरोळी उठली:
नळ आले, नळ आले!

चार दिवसांनी येतं इथं पाणी.
शुक्रवार कुठला, ते बघत नाही.
निम्मी मंडळी याच बोळात राहते,
फोन तसेच चालू ठेवून सगळे उठले,
घागरी, पिंप, बादल्या, मुलांच्या बाटल्यासुद्धा.
कुठल्या घरातली कुठली धार ते कळत नव्हतं,
नुसतं पाणी, पत्र्यावर, पितळेवर, प्लास्टिकवर,
आणि मध्येच कुणीतरी ओरडतंय, पाईप काढ, माझा नंबर आहे.
पाळकसाहेब दोनदा म्हणाले, शांत राहा.
मग तेही दिसेनासे झाले.

मास्तर ऐकत होते.
नर्सनं नंतर सांगितलं, हसले थोडे,
म्हणाले, सहावा शब्द ज्याच्याकडे आहे
त्याला आधी पाणी भरून घेऊ दे.

सहावा याकोबकडे होता.
पाऊण तासानं, ओल्या बाह्यांनी, त्यानं वाचलं:
पूर्ण झाले आहे.

मास्तर शनिवारी रात्री गेले.
कुणी नेलं, कसं नेलं, आम्हाला दाखवलं नाही.

रविवारी पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात जमतो, एरवी.
त्या दिवशी मी एकटी निघाले, डोक्यावर पदर, तोंडावर पदर.
कोपऱ्यावरच्या पोलीस पोरानं अडवलं. कुठं?
कबरस्तानात.
कोण गेलं?
मला पटकन उत्तर देता येईना.
त्यानं काठी बाजूला घेतली.

फाटकाला आतून साखळी.
भिंतीपलीकडे शिवप्पा झाडत होता, खराटा ऐकू येत होता.
ह्याचा धर्म वेगळा, पण किती ईस्टर ह्यानं फाटक उघडलंय.
मी भिंतीला तोंड लावून म्हटलं,
ख्रिस्त उठला आहे.
खराटा थांबला.
खरोखर उठला आहे, बाई, आतून आवाज आला,
आता घरी जावा.

आता चर्च उघडलंय.
पेले एकशे बाराच आहेत.
प्रभुभोजनानंतर पंधरा कोरडे राहतात,
कधी सोळा.
तेही धुते मी,
नळ आलेले असले तर.